फडावर जाण्याआधी

ऊसतोड करणाऱ्या बायांच्या आयुष्याचा अभ्यास मी बरीच वर्षं करते आहे. पावसाळ्यात बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा भागातल्या गावांत आणि दिवाळीनंतर कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाच्या फडांवर. दर हंगामात काही विद्यार्थिनी आणि विद्यार्थी बरोबर असतात. संशोधकाच्या आत्मभानाबद्दल, म्हणजे रिफ्लेक्झिव्हिटीबद्दल, सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्यांच्या प्रबंधाच्या आराखड्यात त्यावर एक परिच्छेदही असतो: मी शहरी, शिकलेली, अमुक जातीत जन्मलेली. पुढच्या प्रकरणांमध्ये मात्र त्या परिच्छेदामुळे काहीच बदललेलं नसतं.

मला वाटतं, आत्मभान कामात दिसलं पाहिजे. आपण कोण आहोत हे उमगल्यावर भेटीची वेळ बदलली का? प्रश्न बदलला का? कुणाच्या ओळखीनं जायचं आणि काय छापायचं नाही, हे ठरलं का? फडावर आणि गावांत ज्या गोष्टी मला शिकायला मिळाल्या, त्या इथं क्रमानं मांडते आहे.

१. बाई बाईशी बोलते आहे एवढ्यानं अंतर मिटत नाही

ॲन ओकली यांनी १९८१ साली स्त्रियांनी स्त्रियांच्या मुलाखती घेण्याविषयी एक लेख लिहिला, तो आजही स्त्रीवादी संशोधनाच्या वर्गात पहिल्या आठवड्यात वाचला जातो. लंडनमध्ये आई होऊ घातलेल्या बायांशी त्या बोलत होत्या. बाया त्यांनाच उलट प्रश्न विचारत. उत्तर न देता तटस्थ राहा, असं तेव्हाची पाठ्यपुस्तकं सांगत. ओकलींनी उत्तरं दिली आणि ती का दिली, याची बाजू मांडली. या लेखानं मुलाखतीकडं बघण्याची नजर बदलली.

पण बीडच्या तांड्यावर किंवा वस्तीवर पहिला प्रश्न बाळंतपणाचा नसतो. कुठल्या गावच्या? आडनाव काय? लग्न झालं का? आडनावावरून जात कळते आणि जातीवरून पुढचं बोलणं ठरतं: पाणी विचारायचं की नाही, ओसरीवर बसवायचं की आत न्यायचं, मुकादमाबद्दल, म्हणजे टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराबद्दल, किती बोलायचं. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याविषयी जे लिहिलं, त्याचा अर्थ मला अशा ओसऱ्यांवर कळत गेला. 'आपण सगळ्या बाया' हे वाक्य बहुतेक वेळा वरच्या जातीतली बाई उच्चारते. ऊसतोडीच्या टोळीत वंजारी, मराठा, बंजारा, दलित अशा वेगवेगळ्या समाजांतल्या बाया असतात आणि एकाच फडावर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, वेगवेगळ्या बाजूंना पडतात. म्हणून माझ्या नोंदीत प्रत्येक मुलाखतीसोबत लिहिलेलं असतं, माझं आडनाव ऐकल्यावर काय घडलं. तेवढ्या ओळीवरून पुढची पानं कशी वाचायची हे ठरतं.

२. कुणाच्या गाडीतून उतरलो, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं

फडावर पोचायचे सोपे रस्ते दोनच. कारखान्याच्या शेती विभागाकडून जायचं किंवा मुकादमाला फोन करायचा. दोघंही मदत करतात. पण मुकादमाच्या गाडीतून उतरलेल्या बाईसमोर उचलीचा हिशेब कोण उघडून बोलेल? उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले पैसे. ते अंगावर आहेत तोवर मुकादम नाराज होणं कुणालाच परवडत नाही.

लीला अबू-लुघोद १९७० च्या दशकाच्या अखेरीला इजिप्तमधल्या औलाद अली या बदू समाजात अभ्यासाला गेल्या, तेव्हा त्यांचे वडील त्यांना सोडायला सोबत गेले होते. एकटी मुलगी कुणाच्या आधाराशिवाय आलेली नाही, तिच्यामागं घर आहे, हे त्या समाजाला त्यातून कळलं. लेकीसारखी जागा मिळाली, संरक्षण मिळालं आणि लेकीवर असतात ती बंधनंही आली. त्यांनी हे दडवलं नाही. लेकीच्या जागेवरून काय दिसलं, ते त्यांनी सविस्तर लिहिलं.

मी गावाकडून फडाकडं जाते. पावसाळ्यात जिच्या घरी ओळख झाली, तिच्याच कोपीवर हंगामात पोचते. वेळ जास्त लागतो. पण मग 'ही कुणाची' या प्रश्नाला एका बाईचं नाव घेऊन उत्तर मिळतं. ही जागाही तटस्थ नाही. जिच्या ओळखीनं गेले, तिच्याशी भांडण असलेल्या बाया लांब राहतात. म्हणून कोण बोललं याच्या यादीशेजारी कोण बोललं नाही, याचीही यादी ठेवावी लागते.

३. तिच्या दिवसात आपल्यासाठी जागा नसते

फडावरची बाई पहाटेच्या अंधारात उठते. भाकरी थापते, पोरांचं बघते, पाणी भरते, मग फडात जाते. नवरा तोडतो, ती पाचट काढते, वाढं बाजूला करते, मोळ्या बांधते. कधी तीही कोयता चालवते. मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढत गाडी भरायची. गाडी रात्री आली तर रात्री. परत येऊन पुन्हा चूल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि त्या कोयत्यातला एक जण बसला तर खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात.

अशा दिवसात तासभराची मुलाखत कुठून येणार? तिच्या झोपेतून किंवा तिच्या मजुरीतून. हे एकदा नीट समजून घेतलं की संशोधनाचं वेळापत्रक आपोआप बदलतं. लांबचं बोलणं मी पावसाळ्यासाठी, गावासाठी ठेवते. फडावर मी बघते, ऐकते, चुलीपाशी बसते, पोराला धरते आणि दोन वाक्यांच्या वर काही विचारत नाही.

आणखी एक. एखाद्या दिवशी आपणही मोळी उचलून पाहावी असं तरुण विद्यार्थ्यांना वाटतं. उचला, पण ते अनुभवकथन म्हणून प्रबंधात घालू नका. फडावर संडास नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत कापड बदलायला जागा नाही. हे आपण दिवसभर सोसतो आणि संध्याकाळी खोलीवर परततो. तिला तिथं पाच-सहा महिने काढायचे असतात. आपल्या दमण्याची तिच्या दमण्याशी बरोबरी करणं तिच्यावर अन्याय आहे.

४. उत्तर कोण देतं, ते प्रश्नावर ठरतं

उचल किती घेतली, असं बाईला विचारलं की उत्तर नवऱ्याकडून येतं. व्यवहार त्याच्या नावावर असतो, पैसे त्याच्या हातात पडतात. ती पदर सावरून गप्प बसते आणि आपण वहीत लिहितो: बायांना आर्थिक व्यवहाराची माहिती नाही.

पण वाढ्याचं विचारून बघा. उसाचे हिरवे शेंडे, ज्यांना वाढं म्हणतात, जनावरांसाठी विकले जातात आणि त्यातून रोजचे रोख पैसे मिळतात. माझ्या ओळखीच्या टोळ्यांमध्ये ते पैसे बहुतेक वेळा बायांच्या हातात असतात. किती पेंढ्या झाल्या, कुणी किती दर दिला, कुणाचं येणं राहिलंय, त्यातून मीठ-मिरची किती आली, पोरीच्या वहीला किती गेले, हे सगळं ती बोटांवर मोजून सांगते. त्याच कोपीत, त्याच नवऱ्यासमोर. तिच्या गप्प बसण्यात तिच्याइतकाच आपल्या प्रश्नाचाही हात असतो. आपल्या डोक्यात अर्थव्यवहार म्हणजे काय आहे, ते आपण ज्या खात्यातून आणि ज्या पुस्तकांतून आलो त्यावरून ठरतं. म्हणून प्रश्नावली बायांकडं नेण्याआधी तिच्यातला प्रत्येक प्रश्न कुणाच्या जगातला आहे, हे मी विद्यार्थ्यांना लिहून काढायला लावते.

५. उलट प्रश्नाला खरं उत्तर द्या

"ह्याचा आमाला काय उपेग?" हा प्रश्न दरवेळी येतो आणि तो यायलाच हवा. पगार किती, लेकरं किती, नवरा सोडतो का एवढं लांब, हेही विचारतात. मी पगाराचा आकडा सांगते. तो ऐकून ज्या बाया आपसांत बघतात, त्यांच्याशी पुढचं बोलणं जास्त सरळ होतं, कारण आमच्यातली दरी आता दोघींनाही सारखीच दिसत असते.

उपयोगाचं उत्तर जास्त जपून द्यावं लागतं. वही घेऊन आलेली बाई म्हणजे योजना, यादी, अनुदान, असा समज स्वाभाविक आहे. आपण स्पष्ट बोललो नाही, तर माणसं आशेपोटी बोलत राहतात आणि त्या आशेवर आपला प्रबंध उभा राहतो. म्हणून मी सांगते: माझ्या लिहिण्यानं तुमची उचल फिटणार नाही. हे लिहून मला नोकरीत बढती मिळू शकते. तुम्हाला दवाखान्यात, तहसिलात सोबत हवी असेल तर मी येईन, आणि मुलाखत दिली नाही तरी येईन. हे ऐकून काही बाया उठून जातात. त्यांचा तो हक्क आहे. ज्या थांबतात, त्या कशासाठी बोलत आहेत हे त्यांना आणि मला दोघींना ठाऊक असतं.

६. वहीच्या दोन बाजू ठेवा

ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी ट्रोब्रियंड बेटांवर राहून क्षेत्रकामाची पद्धत घडवली. त्यांचा मृत्यू १९४२ साली झाला आणि १९६७ मध्ये त्यांची खासगी रोजनिशी छापली गेली. तिच्यात चिडचिड होती, वासना होती, ज्या लोकांबद्दल त्यांनी ग्रंथ लिहिले त्यांच्याविषयी तुच्छताही होती. ग्रंथात यातलं काहीच नव्हतं. त्यानंतरच्या स्त्रीवादी अभ्यासकांनी आग्रह धरला की ज्ञान कुठल्या तरी ठिकाणी उभं राहूनच मिळतं आणि ते ठिकाण लिहिण्यात यायला हवं. डोना हारावे यांचा १९८८ चा निबंध याच आग्रहाचा आहे. सँड्रा हार्डिंग यांनी त्यापुढं जाऊन दाखवलं की जाणणाऱ्या माणसाचीही तपासणी केली, तर वस्तुनिष्ठता बळकट होते.

मी वहीच्या डाव्या पानावर घडलेलं लिहिते आणि उजव्या पानावर मला काय वाटलं, ते. गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल बीडमधून बातम्या आल्या आणि २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तेव्हा आमच्याकडं येणारा प्रत्येक पाहुणा हाच विषय काढत होता. त्या काळात उजव्या पानांनी मला फार मदत केली. "पिशवी काढली" हे वाक्य बाई ज्या साध्या स्वरात बोलते, त्यानं शहरातून आलेली संशोधक हादरते. हादरलेली संशोधक मग त्या स्वराला असहायता समजते. उजव्या पानावर तो हादरा लिहून ठेवला की डाव्या पानावरचं बोलणं मोकळेपणानं वाचता येतं. त्यात पाळीच्या दिवसांतल्या खाड्याचा हिशेब असतो, डॉक्टरनं कॅन्सरची घातलेली भीती असते, दोन लेकरं झाल्यावर पिशवीचं काय काम हा घरातला सूर असतो, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या कंबरदुखीबद्दल कुणी आधी सांगितलं नाही, याचा रागही असतो. तो राग महत्त्वाचा आहे. आपल्या कळवळ्याच्या आवाजात तो ऐकू येईनासा होतो.

उजव्या पानाचा दुसरा उपयोग म्हणजे आपण काय विचारत नाही, ते तिथं दिसतं. महिनाभराच्या नोंदी वाचल्या की कळतं, दुःखाबद्दल भरपूर आहे. गच्च बांधलेल्या मोळीचा अभिमान, जत्रेला घेतलेली पैंजणं, जावाजावांची थट्टा, टोळीत सगळ्यांत वेगानं तोडणाऱ्या बाईला मिळणारा मान, यांच्याबद्दल काहीच नाही. ज्या बाईच्या आयुष्यात फक्त सोसणंच दिसतं, ती बाई आपल्या वहीतच राहते. खऱ्या बाईला न्याय द्यायचा, तर पुढच्या महिन्याचे प्रश्न वेगळे हवेत.

७. आपल्या माणसांत जाणं हीसुद्धा एक जागा आहे

गेल्या काही वर्षांत माझ्याकडं येणाऱ्यांमध्ये ऊसतोड कुटुंबातल्या मुली वाढल्या आहेत. साखरशाळेत, आश्रमशाळेत, आजीजवळ राहून शिकलेल्या. याचा मला फार आनंद आहे. त्यांना जे दिसतं ते मला आयुष्यभर दिसणार नाही. पण त्यांनाही अडचणी आहेत, वेगळ्या. बाया त्यांना म्हणतात, "तुला काय सांगायचं, तुला म्हाईतच हाय की." आणि जे सांगायलाच हवं ते न सांगता राहून जातं. शिवाय भावकी बघत असते, शिकलेल्या लेकीनं घरातलं बाहेर नेलं तर काय, ही धास्ती असते.

लीला दुबे यांनी छत्तीसगढमधल्या गोंड बायांमध्ये आणि नंतर लक्षद्वीपच्या कल्पेनी बेटावरच्या समाजाबाबत काम केलं आणि बाई म्हणून, सवर्ण घरातली विवाहित स्त्री म्हणून आपल्याला कुठं प्रवेश मिळाला, हे लिहिण्याइतकं महत्त्वाचं मानलं. इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा त्या स्वतः मराठी मुलखातल्याच होत्या. तरीही सोबतच्या ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांची जेवणं वेगवेगळी होत होती, ते त्यांनी टिपलं आणि त्यानं वाटलेली खंतही लिहिली. किरीन नारायण यांनी नाशिकमधल्या एका स्वामीजींच्या कथाकथनावर पुस्तक लिहिलं. पुढं १९९३ मध्ये त्यांनी विचारलं की 'स्थानिक' संशोधक खरोखर किती स्थानिक असतो. आपल्यात अनेक ओळखी असतात आणि प्रसंगानुसार त्यातली एखादी पुढं येते, हे त्यांचं म्हणणं या मुलींना मी आवर्जून सांगते. फडावर ती कुणाची तरी भाची असते, विद्यापीठात ऊसतोड्याची पोर असते आणि रेकॉर्डर चालू केला की संशोधक होते. तिन्ही खऱ्या आहेत. कुठल्या वेळी कुठली पुढं होती, याची नोंद ठेवली म्हणजे झालं.

८. संमती एकदा घेऊन संपत नाही

विद्यापीठाच्या संमतिपत्रावर सही किंवा अंगठा लागतो. पण या बायांच्या घरात कागदावरचा अंगठा म्हणजे कर्ज, उचल, बाँड. आपण निष्पाप मनानं पुढं केलेला कागद त्यांना कशाची आठवण देतो, याचा विचार संमतिपत्र तयार करणाऱ्यानं केलेला नसतो. म्हणून मी तोंडी संमती घेते, तिच्याच शब्दांत रेकॉर्ड करते आणि दर भेटीत पुन्हा विचारते. मागच्या वेळचं ठेवू का? काही काढायचं आहे का?

ज्युडिथ स्टेसी यांनी १९८८ मध्ये एक अवघड गोष्ट मांडली: स्त्रीवादी पद्धतीत जवळीक जितकी जास्त, तितका विश्वासघाताचा धोकाही जास्त. परक्या सर्वेक्षणवाल्याला बाई काही सांगणारच नाही. आपल्याला सांगते, कारण आपण तिच्या चुलीपाशी बसलेलो असतो. रेकॉर्डर बंद केल्यावर जे कळतं ते सर्वांत खोल असतं आणि तेच बहुतेक वेळा छापायचं नसतं. नाव बदलून भागत नाही. टोळी छोटी असते. कुणाला तीन मुली आहेत, कुणाचा नवरा मागच्या हंगामात पळाला, हे मुकादमाला पाठ असतं. खुणा विस्कटून टाकता येत नसतील, तर तो भाग सोडून द्यावा. प्रबंध थोडा उणा राहील. बाईला पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडं जायचं आहे.

९. नाव झाकायचं की छापायचं, हे तिनं ठरवावं

याला दुसरी बाजू आहे. गी पॉटवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात गाणाऱ्या बायांची नावं आणि गावं नोंदवलेली आहेत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' या नावानं पुढं आणला, तोही त्या स्त्रियांच्या नावांनिशी. तिथं नाव लपवलं असतं, तर पुन्हा एकदा इतिहासातून बायांना पुसल्यासारखंच झालं असतं.

म्हणून अनामिकता हा सरसकट नियम असू शकत नाही. दुखण्याची, छळाची, कर्जाची गोष्ट असेल तिथं झाकावं. गाणं, कौशल्य, संघटनेतलं काम, मुकादमाशी उघडपणे दिलेला लढा असेल तिथं विचारावं. "माझं नाव लिव्हा, आईचं बी लिव्हा" असं सांगणाऱ्या बाया मला भेटल्या आहेत. त्यांच्या संरक्षणाच्या नावाखाली त्यांचं श्रेय काढून घेण्याचा अधिकार मला नाही.

१०. स्वतःबद्दल तेवढंच लिहा, ज्यानं तिचं बोलणं जास्त कळेल

आत्मभानाच्या नावाखाली संशोधकाचं आत्मचरित्र होऊ शकतं. मला काय वाटलं, मी किती रडले, मला किती अपराधी वाटलं. अशी पानं वाचताना वाचकाला लेखिकेबद्दल माया वाटते आणि बाई मागं सरकते. माझी कसोटी साधी आहे. माझ्याविषयीचं वाक्य काढून टाकलं आणि तिच्या बोलण्याचा अर्थ तसाच राहिला, तर ते वाक्य काढून टाकायचं. माझं आडनाव ऐकून तिनं जातीबद्दल बोलणं थांबवलं असेल, तर ते राहिलंच पाहिजे, कारण त्याशिवाय तिची शांतता वाचकाला चुकीची कळेल.

लिहून झाल्यावर मजकूर परत न्यायचा. छापील प्रत भेट देऊन फोटो काढण्यासाठी नाही, तर मसुदा असतानाच, मोठ्यानं वाचून दाखवण्यासाठी. बाया दुरुस्त्या सांगतात, आपसांत वाद घालतात, एखादं वाक्य काढायला लावतात. जिथं त्यांचं आणि माझं मत पटत नाही, तिथं मी दोन्ही मतं छापते आणि कुणाचं कुठलं, ते लिहिते.

या हंगामात पहिल्यांदा फडावर जाणाऱ्या प्रत्येकाला माझी एकच विनंती आहे. आपल्या ओळखीचा परिच्छेद आताच लिहू नका. आधी काम करा आणि आपण कोण आहोत हे कळल्यामुळं जो निर्णय बदलला, तो त्या दिवसाच्या तारखेसह वहीत टिपा: भेट पुढं ढकलली, प्रश्न काढून टाकला, मुकादमाची गाडी नाकारली, ऐकलेलं छापलं नाही. हंगाम संपेपर्यंत ही यादी तयार होईल आणि तीच तुमच्या प्रबंधात जाईल. बायांनी आपल्याला झोपेतला आणि मजुरीतला वेळ दिलेला असतो. त्या वेळेचा हिशेब इतक्या नेमकेपणानं देणं, हे आपलं किमान कर्तव्य आहे.